ओटीनंतरचं पाणी

ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ ऑक्टोबर २०२५

रामकिसन,

तुला मी आजवर कधी पत्र लिहिलेलं नाही. लिहिले ते मेमो. त्यामुळे सुरुवात कशी करायची यातच सकाळ गेली. उमा म्हणाली, "आधी बरे आहात का ते विचारा, मग स्वतःचं पुराण लावा." तर, बरा आहेस का? गोजरबाई कशा आहेत? तुझी लेक सरिता?

निमवाडगावची बातमी पेपरात वाचली. बोरणी नदीचं पाणी तुमच्या वस्तीत शिरलं, अडतीस घरं पडली, लोक शाळेत राहताहेत, एवढंच होतं. सोबत पुलाच्या कठड्याला अडकलेल्या पलंगाचा फोटो. माणूस कोणी गेलं नाही हे वाचलं तेव्हा कुठं जिवात जीव आला. तुझा नंबर माझ्याकडे नाही. असता तरी तू उचलला असतास का, देव जाणे.

परवा आपल्या जुन्या पाटबंधारे खात्यातली एक मुलगी घरी आली होती. तनुजा नाव, कनिष्ठ अभियंता, करमाडची. चटपटीत आहे. तिच्या हातात माझा २००७ साली मंजूर झालेला नकाशा होता, बोरणीच्या पूररेषेचा. निळ्या रेघेच्या आत घर बांधायचं नाही, बाहेर खुशाल बांधा, तोच. तुमच्या वस्तीला नवी जागा द्यायची आहे आणि गावाच्या खालच्या अंगाचं गायरान ठरतंय म्हणे. ते माझ्या रेघेच्या चाळीस पावलं बाहेर पडतं, म्हणजे कागदावर बिनधोक. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव होणार आहे.

तिनं तुझं २००६ चं गेजचं रजिस्टरही, नदीच्या पाण्याची उंची तू टिपायचास ते, आणलं होतं. ऑगस्टातल्या त्या पुराचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, तीन वेळचे आकडे, तुझं ते टपोरं अक्षर. दुपारी दोनच्या रकान्यात मात्र लाल शाईनं इतकं गिरगटलंय की खाली काय होतं ते भिंग लावूनही दिसत नाही. बाजूला 'निरीक्षकाची चूक' आणि माझी सही. तिनं विचारलं, "सर, इथं काय आकडा होता?"

मी म्हणालो, एकोणीस वर्षं झाली, आता काय आठवणार.

तर मुद्द्याचं. तू खिशात एक छोटी डायरी ठेवायचास, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. आधी तीत लिहायचास आणि मग रजिस्टरात उतरवायचास. ती जपली असशील तर तेवढं पान बघ आणि तनुजाला कळव. तिचा पत्ता खाली दिलाय. माझं त्यात काही नाही, त्या मुलीचं काम अडलंय म्हणून लिहितोय.

गोजरबाईंना नमस्कार सांग. त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा मी अजून विसरलेलो नाही.

श्रीधर सेलूकर


ज्योतीनगर
२ नोव्हेंबर २०२५

रामकिसन,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मी पोस्टाला बोल लावत होतो. उमा म्हणाली, "पत्र पोचलंय हो. त्यात तुम्ही त्यांची खुशाली विचारली की डायरीची, हे त्यांनाही कळलं असेल." ही बाई चाळीस वर्षं माझ्यासोबत राहून माझ्या बाजूनं एकदाही बोललेली नाही.

तनुजानं तुझ्या सगळ्या रजिस्टरांच्या झेरॉक्स आणून दिल्यात, १९८१ पासून २०११ पर्यंत. जेवणाच्या टेबलावर ढीग आहे आणि आम्ही दोघं मांडीवर ताट घेऊन जेवतो. सुरुवातीला आकडा सापडतो का म्हणून चाळत होतो, मग नादच लागला. नोकरीत असताना मी दरमहा ही पानं पाहायचो, पण पाहायचो म्हणजे काय, खाली सही करायचो.

ऐंशीच्या सुमारास बोरणी जूनअखेर वाहायला लागली की संक्रांतीपर्यंत वाहायची. पूर दोन दिवस चढायचा, दोन दिवस उतरायचा. गावाला गुरं हलवायला, कडबा उचलायला सवड मिळायची. नव्वदनंतर नदी दसऱ्याला आटू लागली. दोन हजारनंतर तर तुझ्या रजिस्टरात शून्याची पानंच्या पानं आहेत, आणि मधेच एखादा दिवस असा की सहा तासांत पाच मीटर पाणी. मी पावसाची बेरीज मारून पाहिली. वर्षाचा पाऊस फारसा बदललेला नाही रे! तेवढाच पडतो, पण महिन्याचा एका सकाळीत पडतो.

हे तू मला सांगितलं होतंस, पुलाच्या कठड्याला टेकून. "साहेब, पाऊस तेवढाच हाये, पण त्याला आता दम नाय." मी हसलो होतो आणि कचेरीत चौघांना सांगून त्यांनाही हसवलं होतं.

आणि नुसत्या पावसाचंही खापर फोडता येत नाही. डोंगराच्या अंगाला लोकांनी जेसीबी लावून नाले सरळ केले, बांध मोडून रान एकसारखं केलं. पाणी पूर्वी रेंगाळत यायचं, आता घसरत येतं. खाली नवा पूल झाला, त्याला दोन्हीकडून भराव घातला आणि पाण्याला मोऱ्या ठेवल्या दोन. वरून लवकर येतं आणि खाली अडतं. माझ्या गणितात यातलं काहीच नव्हतं. मी सूत्र वापरलं त्यातला डोंगर साठ सालचा होता.

मग मी रेघ कशावरून काढली? तुला माहीत असलेलंच लिहितोय, पण मला एकदा ते क्रमानं मांडायचं आहे. पूर चढला की निमवाडगावच्या बायका खण-नारळ घेऊन नदीची ओटी भरायला येतात. देवळाच्या पायऱ्यांवर जिथं पाण्याला नारळ वाहिला तिथं गुरव शेंदराची खूण करतो. २००६ ची खूण अकराव्या पायरीवर होती. गावातल्या बावीस म्हाताऱ्या माणसांनी पंचनाम्यात सांगितलं की पाणी तिथवर आलं, त्यावर बोटभर चढलं नाही. भागूबाई पाटलीणबाईंनी तर देवळाकडं हात करून सांगितलं. मी त्या पायरीवरून लेव्हल घेतली, ८.१५ मीटर आली. माझ्या सूत्रानंही जवळजवळ तेवढीच येत होती. तुझा आकडा सव्वा मीटरनं जास्त होता. बावीस माणसं आणि सूत्र एकीकडं, तू एकटा एकीकडं. तूच सांग, माझ्या जागी दुसऱ्या कोणी काय केलं असतं?

आता तू म्हणशील, सव्वा मीटर जास्त होता हे बरं आठवतंय. हो. थोडंफार आठवतंय.

तनुजाला मी म्हणालो, यंदाचं पाणी दिसलं ना सगळ्यांना, मग जुना आकडा हवाच कशाला? ती म्हणाली, "सर, वरचे म्हणतात हा पूर शंभर वर्षांतून एकदा येणारा. तेवढ्यासाठी रेघ हलत नाही. एवढंच पाणी आधीही आलं होतं असं दाखवलं, तर त्यांना ऐकावं लागेल." म्हणून डायरी. बघ तेवढी.

श्रीधर


ज्योतीनगर
२३ नोव्हेंबर २०२५

रामकिसनराव,

काल मी निमवाडगावला येऊन गेलो. तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून बसला होतात. मी पाच मिनिटं मागं उभा होतो, खोकलोसुद्धा. तुम्ही वळला नाहीत.

गंगापूरपर्यंत एसटी आणि पुढं जीप. चौदा माणसं आणि त्यात माझा हा गुडघा. पुलावर उतरलो आणि वस्तीकडं पाहिलं तर जोती तेवढी दिसत होती, ओळीनं. तुमच्या दारातली चिंच उभी आहे. तिच्या फांदीत कोणाचं तरी लुगडं अजून अडकलेलं होतं, माझ्या डोक्याच्याही वर.

सरिता अंगणवाडीतून आली. लहानपणी मी तिला कचेरीतले कोरे कागद द्यायचो चित्रं काढायला. आता तिच्या पोराला मिसरूड फुटलंय. मला म्हणाली, "तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. आबांच्या डोळ्याला आता बारीक दिसंना. आबा सत्तरीपार गेले, साहेब. अजून अरे-तुरेच का त्यांना?" तीन वर्षांनी तुम्ही मला मोठे. तीस वर्षं मी तुम्हाला 'अरे' म्हणालो, तुम्ही मला 'साहेब', आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही. म्हणून वरचा मायना बदलला आहे. उशीर झालाय, पण राहवलं नाही.

मग तिनं सांगितलं की डायऱ्यांची पेटी गेली. तीस वर्षांच्या तीस डायऱ्या. पेटी पुलाच्या पलीकडं सापडली, झाकण उघडं, आत गाळ. सरिताला वाटलं मला वाईट वाटलं. वाटलं ना, पण का वाटलं ते लिहितो. डायरी सापडली असती तर आकडा तिच्यातून बाहेर आला असता आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं. मी तुम्हाला पत्रं लिहीत होतो ती त्यासाठी. आता तो आकडा दोनच ठिकाणी उरलाय, तुमच्या डोक्यात आणि माझ्या.

मी गायरानाचं काढलं तशी सरिता भडकली. "गायरानात पाणी येतं हे आम्हाला कळत नाय व्हय? यंदा गुडघाभर होतं तिथं. तिथं कोण राहत नाय म्हणून पंचनामा नाय. पण दुसरी जागा देतंय कोण? ठराव मोडला तर आम्ही कुठं राहायचं, शाळेमागच्या ह्या पत्र्याच्या शेडात? आबाचा आकडा तुम्ही खोटा पाडला, नदीनं खरा केला. आता तुमचं काय काम हाये मधी?"

निघताना देवळापाशी भागूबाई भेटल्या. नव्वदीच्या असतील, पण जीभ अजून धारदार. यंदाची शेंदराची खूण दाखवली त्यांनी, बाराव्या पायरीवर. मी सहज विचारलं, "बाई, ओटी किती वाजता भरली?"

"न्याहारीच्या टायमाला. दर पुराला तवाच भरतो."

"आणि पाणी उतरायला लागलं कधी?"

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या जसं मी काही वाईटसाईट बोललो. "ते आमाला काय म्हाईत? ओटी घेतल्यावर नदीबाईकडं वळून बघायचं नसतं. तिचा मान असतो. घरला जायाचं आन दार लोटायचं, दुसऱ्या दिवसापस्तोर."

रामकिसनराव, मी तिथं पायरीवर उभा राहून नऊपासून दोनपर्यंतचे तास बोटांवर मोजले. म्हणजे बावीसच्या बावीस माणसं खरं बोलली होती. त्यांनी जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं. पाहिलंच होतं सकाळी नऊपर्यंत. नऊनंतर नदीकडं तोंड करून उभा असलेला अख्ख्या गावात एकच माणूस होता. त्याला ओटी भरायची नव्हती, त्याला दुपारी दोनचा आकडा लिहायचा होता.

तेव्हा कचेरीत तुम्ही म्हणाला होतात, "साहेब, त्यांनी बघितलंच नाय." मला वाटलं, तुम्ही सगळ्या गावाला खोटं ठरवताय. मी तुमच्यावर ओरडलो होतो.

श्रीधर सेलूकर


ज्योतीनगर
१४ डिसेंबर २०२५

रामकिसनराव,

मागचं पत्र टाकलं आणि दोन दिवस फार हलकं वाटलं. वाटलं, चला, चूक झाली ती गावाच्या रीतीमुळं झाली, मला ती रीत माहीत नव्हती, कोणाचीही झाली असती. उमाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग झोप का येत नाही तुम्हाला?" जळली मेली ही बाई.

आज लिहून टाकतो. हे सरिताला वाचायला लागेल याची मला लाज वाटते, पण दुसरा उपाय नाही.

तुम्ही रजिस्टर घेऊन कचेरीत आलात तो दिवस आठवा. मी खुर्चीत, तुम्ही टेबलाच्या अलीकडं उभे. नकाशा दुसऱ्या दिवशी वर जायचा होता, माझी बढती अडली होती त्यावर. मी विचारलं, "हा दोनचा आकडा कुठून आणला?" तुम्ही म्हणालात, "गेजवरून." मी म्हणालो, "त्या पावसात गेजपाशी होतास की घरी बसून ठोकलास?" मी तुमच्यासमोर लाल पेन घेऊन तो आकडा खोडला. बावीस जणांचं मी ऐकलं आणि तुमचं ऐकलं नाही, ते फक्त संख्येमुळं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. पाटलीणबाई बोलल्या की ते गावाचं म्हणणं व्हायचं. खालच्या वस्तीतला रोजंदारीवरचा माणूस बोलला की मला त्यात चूक शोधावीशी वाटायची. वस्तीतल्या एकालाही मी पंचनाम्यात विचारलं नव्हतं. मी घरात कधी जात मानली नाही म्हणून मिरवतो. कचेरीत मानत होतो, हे मला सत्तराव्या वर्षी कळतंय.

अजून संपलेलं नाही. नकाशा वर गेल्यावर दोन दिवसांनी मी गेजच्या खोलीवर आलो होतो. तुम्ही गावात रॉकेल आणायला गेला होतात. दार लोटून आत गेलो तर आतल्या भिंतीवर चारही बाजूंनी गाळाची रेघ. सरळ, दोरी लावून मारल्यासारखी, खिडकीच्या खालच्या चौकटीच्या वर. खोलीची लेव्हल मला पाठ होती. उभ्या उभ्या हिशेब केला, ९.४०. तुमचा खोडलेला आकडाही नऊच्या पुढचाच होता. तुम्ही खरं लिहिलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं, आज नव्हे.

नकाशा परत मागवता आला असता. एक पत्र लिहायचं होतं. मी लिहिलं नाही. मी काय केलं, तर त्याच आठवड्यात खोलीला चुना मारून घ्यायचा हुकूम काढला. दरवर्षी दिवाळीला मारायचो, त्या वर्षी सप्टेंबरात मारला. आणि मारला कोणी? तुम्ही. तुमची रेघ मी तुमच्याच हातानं पुसून घेतली.

वर तुम्हाला मेमो दिला. पुढच्या वर्षी तुमची कायम करण्याची फाइल परत आली ती त्या मेमोमुळं. मी तुम्हाला म्हणालो होतो, वरच्यांनी अडवली. अडवली नाही, मेमो बघून परत पाठवली. मी एका शब्दानं ती हलवू शकलो असतो. हलवली असती तर मेमो का दिला हे सांगावं लागलं असतं.

मी माफी मागत नाही, कारण मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल आणि तेवढंही तुमच्यावर लादायचा हक्क मला नाही.

तनुजाला अजून सांगितलेलं नाही. भीती वाटते, हे लपवत नाही. त्याच हातानं आणि त्याच रीतीनं मी आणखी चार नद्यांच्या रेघा काढल्यात. ही एक हलली की त्याही तपासतील. लोक सेलूकरांची रेघ म्हणून दाखवतात, ते मला फार आवडायचं.

श्रीधर


ज्योतीनगर
१८ जानेवारी २०२६

रामकिसनराव,

सप्रेम जय भीम.

काल तनुजाकडं जाऊन जबाब लिहून दिला. तिनं टाइप करून ठेवला होता, मी तो बाजूला सारला आणि हातानं लिहिला. नक्कल सोबत आहे. सरिताला वाचायला सांगा. थोडक्यात असा आहे:

'२००६ च्या पुरात दुपारी दोन वाजता गेज रीडर श्री. रामकिसन त्रिभुवन यांनी ९.४० मीटर पाणी नोंदवले होते. ती नोंद मी खोडली. नोंद बरोबर होती. गेजच्या खोलीतली गाळाची रेघ मी स्वतः पाहिली होती आणि तिच्यावर चुना मारून घेतला. देवळाची खूण सकाळी नऊची आहे, पुराच्या माथ्याची नाही. माझी पूररेषा चुकीची असून गायरान पुराच्या पाण्यात येते. श्री. त्रिभुवन यांना दिलेला मेमो अन्यायाचा होता.'

तनुजानं दोनदा वाचला. मला वाटलं, काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "सर, बाकीच्या चार नद्यांच्या फायली पण काढू का?" मी म्हणालो, काढ बाई. मी येत जाईन मंगळवारी मंगळवारी. आता माझी दुसरी काही कामं नाहीत.

उमानं नक्कल वाचली. मग म्हणाली, "मला एकोणीस वर्षं सांगितलं नाहीत तुम्ही." तिचे डोळे भरून आले आणि मी तिच्याकडं बघू शकलो नाही. स्वयंपाकघरात गेली, परत आली, म्हणाली, "त्यांच्या घरी जेवून यायचात ना तुम्ही?" हो. जेवून यायचो. चुना मारल्यावरसुद्धा जेवलो होतो.

सरिताचा प्रश्न सुटलेला नाही, तो माझ्या डोक्यातून जात नाही. मी जबाबात शेवटी एक ओळ घातलीय की गंगापूर रस्त्याच्या कडेची पंचायतीची उंच जागा, जिथं मंगल कार्यालय बांधायचं चाललंय, ती वस्तीला द्यावी, तिथं पाणी येऊ शकत नाही. गावाला ते रुचणार नाही. कदाचित तुमच्या लोकांनाही माझा राग येईल, मिळणारं घर लांबलं म्हणून. तसं झालं तर नाव माझं सांगा, खुशाल सांगा.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, सपाट रानात बोटभर पाणी चढलं की पंचवीस पावलं पसरतं. मी तेव्हा टिपण्याचं सोंग केलं होतं, वहीत नुसत्या रेघोट्या ओढल्या होत्या. आता टिपलंय.

यापुढं मी पत्र लिहून तुम्हाला त्रास देणार नाही.

आपला
श्रीधर सेलूकर


निमवाडगाव, ता. गंगापूर
२८ जानेवारी २०२६

साहेब,

जय भीम.

आबा सांगायलेत, मी सरिता लिहितेय. जसं बोलतील तसंच लिही म्हणालेत.

ग्रामसभा झाली. लई माणूस होतं. तनुजा म्याडमनी तुमचा कागद वाचला, चुन्याचं बी वाचलं. म्हातारे म्हणाले, आम्ही खोटं बोललो का मग? तव्हा भागूबाई काठी टेकत उठली. म्हणाली, खोटं नाय बोललो, पण आपण बघितलं नव्हतं. रामकिसन तेवढा बघत होता. तिनं सगळ्या गावासमोर माझं नाव घेतलं. आजवर घेतलं नव्हतं.

गायरानाचा ठराव झाला नाय. आमच्यातले पाच-सहा जण माझ्यावर तापले, म्हणाले आबा, तुझ्या आकड्यापायी आमचं घर गेलं. सरिता बी दोन दिवस धड बोलली नाय. (खरं हाये. तिसऱ्या दिवशी बोलले.) रस्त्याकडची जागा मोजायला पुढल्या महिन्यात माणसं येणार हायेत. येतील तव्हा खरं. तवर पत्रे हायेतच. पण त्या गायरानात माझी नातवंडं झोपणार नायत, येवढं झालं.

चुन्याचं तुम्ही आता सांगता. मला तव्हाच म्हाईत होतं. ब्रश माझ्या हातात होता, रेघ माझ्या डोळ्यापुढं होती. मी तिच्यावर दोन हात जास्त मारले. दिसली की राग यायचा म्हणून. गोजराला बी सांगितलं नाय. तुम्ही जेवायला आला तव्हा मी पाणी आणायला म्हणून बाहेर जायचो. तुम्हाला वाटायचं मी मान ठेवतो.

माफीचं तुम्ही लिहिलं नाय ते बरं केलं.

आता कामाचं. कागदात तुम्ही ९.४० लिहिलंय. ते चूक हाये. भिंतीवरची रेघ पाणी थोडं बसल्यावरची असती, गाळ माथ्यावर धरत नाय. तुम्ही इंजिनेर हायेत, तुम्हाला कळायला पाहिजे होतं. मी दोन वाजता गेजच्या खांबाला धरून वाचलं होतं, छातीवर पाणी होतं. सहा सेंटिमीटर तुम्ही खाल्ले. म्हंजी तीन बोटं. तीन बोटं म्हंजी पाऊणशे पावलं. रस्त्याकडच्या जागेची खालची हद्द त्याच पावलांत येती, तिथं शेवटची चार घरं कोणाची तरी असणार. रेघ मारायची तर नीट मारा.

दुरुस्ती पोस्टानं पाठवू नका. सवता या. कचेरीत तनुजा म्याडमच्या टेबलावर कागद ठेवा आणि मला बोलवा, मी येतो. आकडा खोडला तव्हा मी उभा होतो. आता लिहिताना मी खुर्चीवर बसणार हाये, आणि तुम्ही माझ्याकडं बघून लिहायचं.

खालचा आकडा आबांनी स्वतः लिहिलाय. चष्मा लावून, दोनदा गिरवून.

९.४६

रामकिसन त्रिभुवन
गेज रीडर, निमवाडगाव